विश्लेषण : अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजचे शिक्षण खरेच मोफत असते का? सरकारी मदत कोणाला, किती आणि कशी मिळते?

अमेरिकेतील शिक्षण म्हटले की आपल्याकडे हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि डोक्यावरचे शैक्षणिक कर्ज आठवते. पण तिथल्या सामान्य घरांतील लाखो मुले बारावीनंतर मोठ्या विद्यापीठात जातच नाहीत. ती घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतात. तिथली फी कमी असते आणि अनेक राज्यांत गरजू विद्यार्थ्यांना ती भरावीही लागत नाही. तरीही पैशांअभावी शिक्षण सोडावे लागणारे विद्यार्थी तिथे आहेतच. कारण फी सुटली तरी घरभाडे, किराणा आणि गाडीचे पेट्रोल सुटत नाही. सरकारी मदत नेमकी कशासाठी असते, ती मिळते कशी आणि हातची जाते कशी, हे समजून घेऊ. अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी आणि तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठीही यातले काही नियम महत्त्वाचे आहेत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

ही दोन वर्षांची सरकारी महाविद्यालये असतात. इलिनॉयमधील जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले आणि ते अशा सरकारी महाविद्यालयांत सर्वांत जुने मानले जाते. आज देशभरात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये असून, एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. नर्सिंग, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, अकाउंटिंग, संगणक अशा विषयांची प्रमाणपत्रे आणि ‘असोसिएट’ पदवी इथे मिळते. अनेक विद्यार्थी दोन वर्षे इथे शिकून पुढची दोन वर्षे विद्यापीठात करतात, त्यामुळे पदवी निम्म्या काळासाठी स्वस्तात पडते. बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे आहेत. त्यांत नोकरी करणारे, लहान मुले असलेले आणि तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायला आलेलेही असतात.

फी किती आणि खरा खर्च किती?

कॉलेज बोर्ड या संस्थेच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार कम्युनिटी कॉलेजची स्थानिक विद्यार्थ्यांसाठी सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये होती. चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात ती राज्यातील विद्यार्थ्यांसाठी ११,६१० डॉलर होती. कॅलिफोर्निया सर्वांत स्वस्त राज्यांपैकी एक. तिथे एका क्रेडिटला ४६ डॉलर पडतात. वर्षाला २४ क्रेडिट घेतले तर १,१०४ डॉलर होतात.

मात्र घरभाडे, जेवण, पुस्तके आणि प्रवास धरला की एका वर्षाचा खर्च सरासरी २० हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणजे फी हा एकूण खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा. म्हणूनच अमेरिकेतील मदतीचा हिशेब केवळ फीवर होत नाही. प्रत्येक महाविद्यालय ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ नावाचा आकडा जाहीर करते. त्यात राहण्या-खाण्याचा खर्चही धरलेला असतो आणि विद्यार्थ्याला मिळणारी सरकारी मदत या आकड्याच्या मर्यादेत राहते.

मदत किती प्रकारची असते?

पहिला प्रकार अनुदानाचा. ते परत करावे लागत नाही. यातले सर्वांत मोठे म्हणजे केंद्र सरकारचे पेल ग्रँट. ही योजना १९७२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि १९८० मध्ये तिला ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव देण्यात आले. २०२५-२६ साठी पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. अतिगरजू विद्यार्थ्यांसाठी वर्षाला १०० ते ४,००० डॉलरचे आणखी एक पूरक अनुदान असते. पण त्याचा निधी प्रत्येक महाविद्यालयाकडे मर्यादित असतो, तो संपला की संपला. त्यामुळे लवकर अर्ज करणाऱ्याचा फायदा होतो.

दुसरा प्रकार राज्य सरकारच्या आणि महाविद्यालयाच्या स्वतःच्या योजनांचा. तिसरा ‘वर्क-स्टडी’चा. यात ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा अशा ठिकाणी अर्धवेळ काम मिळते आणि त्याच्या पगाराचा मोठा भार केंद्र सरकार उचलते. चौथा प्रकार कर्जाचा. मदतीच्या पत्रात ही सगळी रक्कम एकाखाली एक छापलेली असते. त्यामुळे कर्जाचा आकडाही ‘मिळालेली मदत’ वाटू शकतो. पत्र हातात आल्यावर अनुदान किती आणि कर्ज किती, हे वेगळे करून पाहणे म्हणूनच पहिले काम.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

सगळ्या मदतीचे दार एकच आहे. त्याचे नाव फॅफ्सा. हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अर्ज असून तो पूर्णपणे मोफत आहे. बहुतेक राज्ये आणि महाविद्यालयेही याच अर्जावरून आपली मदत ठरवतात. साधारण १ ऑक्टोबरला पुढच्या शैक्षणिक वर्षाचा अर्ज खुला होतो आणि तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. केंद्राची मुदत लांब असली तरी राज्यांच्या मुदती त्याआधी संपतात.

आपल्याकडे महाडीबीटीवर अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. फॅफ्सामध्ये तसा दाखला लागत नाही. विद्यार्थी आणि पालकांनी संमती दिली की त्यांची प्राप्तिकराची माहिती कर खात्याकडून थेट अर्जात येते. ही संमती दिली नाही, तर केंद्राची मदत मिळत नाही. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरले जाते, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चे.

अनेकांना अडणारा नियम वेगळाच आहे. विद्यार्थी २४ वर्षांचा होईपर्यंत सहसा पालकांवर अवलंबून मानला जातो, मग तो वेगळा राहत असो की स्वतःचा खर्च स्वतः करत असो. विवाहित, स्वतःची मुले सांभाळणारे, सैन्यात काम केलेले, अनाथ किंवा सरकारी देखरेखीत वाढलेले विद्यार्थी याला अपवाद आहेत. बाकीच्यांना पालकांची माहिती द्यावीच लागते.

पेलची रक्कम ठरते कशी?

अर्जातून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ म्हणजे एसएआय नावाचा एक आकडा निघतो. कुटुंबाची ऐपत जितकी कमी, तितका हा आकडा लहान. तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. साधा हिशेब असा की, पेलच्या कमाल रकमेतून एसएआय वजा करायचा. एसएआय ३,००० आला, तर ७,३९५ मधून ३,००० वजा जाऊन ४,३९५ डॉलर मिळतात. एसएआय शून्य किंवा उणे असेल, तर पूर्ण ७,३९५.

ही रक्कम पूर्णवेळ, म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिट घेणाऱ्यासाठी आहे. सहा क्रेडिट घेतले तर निम्मे पैसे मिळतात. नोकरी करून सत्राला दोनच विषय घेणाऱ्याला म्हणून पेल निम्मेच पडते, घरभाडे मात्र पूर्ण द्यावे लागते.

आता कॅलिफोर्नियातील एका काल्पनिक विद्यार्थिनीचा हिशेब पाहू. तिला पूर्ण पेल मिळाले. गरजूंसाठी असलेल्या कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमुळे क्रेडिटची फीही माफ झाली. म्हणजे पेलचे ७,३९५ डॉलर जवळपास पूर्ण शिल्लक राहिले. नऊ महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे ८२० डॉलर होतात. त्यात पुस्तके, बस, जेवण आणि भाडे बसवायचे आहे. लॉस एंजेलिस किंवा सॅन होजेमध्ये एवढ्यात ते बसत नाही. ती आई-वडिलांकडे राहत असेल तर निभावते, नाहीतर नोकरीला पर्याय नाही. कागदावर तिचे शिक्षण मोफत आहे, पण अभ्यासाचे तास कामाला द्यावे लागले की पुढच्या सत्रात तिचे क्रेडिट कमी होतात आणि क्रेडिट कमी झाले की पेलही कमी होते.

‘मोफत कॉलेज’च्या घोषणांचा अर्थ काय?

टेनेसी राज्याने २०१४ मध्ये ‘टेनेसी प्रॉमिस’ योजना आणली आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तशीच पावले उचलली. मॅसॅच्युसेट्सने २०२४ मध्ये उत्पन्नाची अट न ठेवता राज्यातील रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेज फीमुक्त केले. न्यू जर्सीत ६५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना फीमाफी आहे आणि त्यापुढे ठरावीक उत्पन्नापर्यंत अंशतः सवलत मिळते. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज हे कम्युनिटी कॉलेज आहे.

यातल्या अनेक योजना ‘लास्ट डॉलर’ पद्धतीच्या असतात. म्हणजे आधी पेल फीला लागू होते आणि काही उरले तरच राज्य ते भरते. समजा फी ४,५०० डॉलर आहे. पूर्ण पेल मिळणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची फी पेलमधूनच जाते, राज्याकडून त्याला फीसाठी वेगळा डॉलर मिळत नाही. उत्पन्न जास्त असल्याने ज्याला पेल मिळत नाही, त्याचे ४,५०० डॉलर मात्र राज्य भरते. याउलट फी आधी माफ करून पेल खर्चासाठी मोकळे ठेवले, तर सर्वांत गरजू विद्यार्थ्याच्या हातात पैसा उरतो. घोषणा दोन्ही ठिकाणी ‘मोफत’चीच असते. म्हणून आपल्या राज्याची योजना पेलच्या आधी लागू होते की नंतर, हा प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारायलाच हवा.

पैसे हातात कधी येतात?

मदत आधी महाविद्यालयाकडे जमा होते. त्यातून फी वळती केली जाते. उरलेली रक्कम जमा दिसू लागल्यापासून १४ दिवसांत विद्यार्थ्याला द्यावी, असा नियम आहे. पण सत्र सुरू झाल्यावर महाविद्यालये वेगवेगळ्या तारखांना वाटप करतात. पुस्तके, बसचा पास आणि पहिल्या महिन्याचे भाडे त्याआधीच लागते. काही महाविद्यालये या काळासाठी पुस्तकांचे व्हाउचर किंवा छोटी आपत्कालीन मदत देतात, अनेक ठिकाणी मोफत शिधा देणारी केंद्रेही असतात. ती आपोआप मिळत नाही, विचारावी लागते.

मिळालेली मदत बंद कशामुळे होते?

सर्वांत मोठा धोका सत्र मध्येच सोडण्याचा. सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी सगळे वर्ग सोडले, तर जितके दिवस शिकलात तितकीच मदत तुमची. समजा सत्रासाठी सुमारे ३,७०० डॉलरचे पेल आले आणि विद्यार्थ्याने ४० टक्के काळ उलटल्यावर कॉलेज सोडले. तर सुमारे १,४८० डॉलरवरच त्याचा हक्क राहतो. उरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा महाविद्यालय सरकारला परत करते आणि राहिलेली फी विद्यार्थ्याच्या नावावर थकबाकी म्हणून दाखवते. आईच्या आजारपणामुळे घरी बसलेल्या मुलाला काही आठवड्यांनी महाविद्यालयाचे बिल येते ते यामुळेच. वर्ग सोडण्याआधी मदत कार्यालयात जाऊन तारीख आणि रक्कम विचारली, तर कधी कधी दोन आठवडे अधिक थांबल्यानेही हे बिल टळू शकते.

दुसरी अट प्रगतीची. बहुतेक महाविद्यालयांत सरासरी गुणांक २.० आणि घेतलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश क्रेडिट पूर्ण करावे लागतात. ते जमले नाही तर आधी इशारा मिळतो, मग मदत थांबते. आजारपण, घरातील मृत्यू अशा कारणांसाठी कागदपत्रांसह अपील करता येते.

तिसरी मर्यादा आयुष्यभराची. पेल एकूण सहा पूर्ण वर्षांएवढेच, म्हणजे १२ सत्रांएवढे मिळते. कम्युनिटी कॉलेजात विषय बदलत चार वर्षे घालवली, तर पुढे विद्यापीठात दोनच वर्षांचे पेल उरते.

पालकांची नोकरी गेली तर?

अर्जात उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे असल्याने हा प्रश्न आयटी क्षेत्रातील कपातीनंतर अनेक घरांत आला आहे. २०२४ मध्ये उत्पन्न चांगले होते, आज घरात पगार येत नाही, पण फॅफ्सा अजून जुनाच आकडा पाहतो. अशा वेळी महाविद्यालयाच्या मदत अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून हिशेब बदलण्याचा कायदेशीर अधिकार आहे. त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. नोकरी गेल्याचे पत्र, बेकारी भत्त्याची कागदपत्रे किंवा वैद्यकीय बिले जोडून लेखी विनंती करावी लागते. अर्ज आधी भरायचा आणि मग ही विनंती करायची, असा क्रम आहे. ‘आपल्याला काही मिळणार नाही’ म्हणून अर्जच न भरणाऱ्यांना हा मार्ग बंद होतो.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना काय लागू होते?

केंद्राची मदत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या दर्जावर ठरते, पालकांच्या नाही. समजा एका घरात आई-वडील एच-१बी व्हिसावर आहेत. थोरला मुलगा पुण्यात जन्मलेला आणि एच-४ व्हिसावर आहे, धाकटी मुलगी अमेरिकेत जन्मलेली आहे. दोघे एकाच शाळेत शिकले. मुलगी अमेरिकी नागरिक असल्याने ती पेलसाठी अर्ज करू शकते, मुलगा करू शकत नाही. शिवाय २१ वर्षांनंतर त्याला पालकांच्या व्हिसावर राहता येत नाही. एच-४ वरील मुलांना काही राज्ये स्थानिक दराने फी लावतात, काही नाही. म्हणून राज्याचा नियम आधीच पाहून ठेवायला हवा.

ग्रीन कार्ड मिळालेले विद्यार्थी केंद्राच्या मदतीला पात्र असतात. नातेवाइकांमार्फत ग्रीन कार्ड मिळून नुकतेच अमेरिकेत गेलेले कुटुंबही त्यात येते. फीच्या स्थानिक दरासाठी मात्र राज्यात सहसा एक वर्षाचे वास्तव्य लागते. पालकांनी अमेरिकेत कर भरलेला नसेल, तर भारतातील उत्पन्न डॉलरमध्ये मांडून अर्जात भरावे लागते. पालकांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी त्यांना खाते उघडता येते.

अमेरिकेत जन्मलेली आणि पालकांबरोबर महाराष्ट्रात परतलेली मुलेही नागरिक म्हणून पेलसाठी अर्ज करू शकतात. फक्त त्यांना फी बहुधा बाहेरच्या राज्याच्या दराने पडते.

महाराष्ट्रातून थेट जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत मिळते का?

एफ-१ व्हिसावर जाणाऱ्यांना केंद्राचे पेल, वर्क-स्टडी किंवा सरकारी कर्ज मिळत नाही. त्यांना फीदेखील स्थानिक विद्यार्थ्यांच्या काही पट लागते. प्रवेशाच्या कागदपत्रांसाठी पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची तरतूद दाखवावी लागते. सत्र सुरू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण त्यावर वर्षाचा खर्च भागेल असे धरून चालू नये. काही महाविद्यालयांच्या स्वतःच्या छोट्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या असतात. ‘कम्युनिटी कॉलेजला जा, सरकार फी भरते’ असे एखादा एजंट सांगत असेल, तर ते एफ-१ विद्यार्थ्याला लागू नाही, हे लक्षात ठेवावे.

कर्ज घ्यावे का?

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० डॉलरपर्यंत केंद्राचे कर्ज मिळते. यातील पहिल्या वर्षीचे ३,५०० आणि दुसऱ्या वर्षीचे ४,५०० डॉलरपर्यंतचे कर्ज असे असू शकते की, शिकत असताना त्याचे व्याज सरकार भरते. आधी तेच घ्यावे. काही कम्युनिटी कॉलेजे सरकारी कर्ज देतच नाहीत. अशा ठिकाणी खासगी कर्जाकडे वळण्याआधी अनुदान आणि करसवलत तपासणे शहाणपणाचे. ‘अमेरिकन अपॉर्च्युनिटी’ करसवलतीतून पात्र कुटुंबाला वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत फायदा मिळू शकतो, त्यातील १,००० डॉलरपर्यंत रक्कम कर लागू नसला तरी परत मिळू शकते.

नवे काय बदलते आहे?

आतापर्यंत फार छोट्या अभ्यासक्रमांना पेल मिळत नव्हते. २०२५ च्या नव्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या पात्र रोजगाराभिमुख अभ्यासक्रमांनाही ते लागू होत आहे. मात्र हे पैसेही आयुष्यभराच्या मर्यादेतूनच वजा होतील. दुसरीकडे, चोरलेल्या ओळखीवर ऑनलाइन प्रवेश घेऊन मदत लाटणाऱ्या टोळ्यांमुळे ओळखपडताळणी कडक झाली आहे. महाविद्यालयाने ओळखपत्र किंवा जादा कागद मागितल्याचा ईमेल दुर्लक्षित राहिला, तर खऱ्या विद्यार्थ्याचेही पैसे अडकतात.

अर्ज भरून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण फॅफ्साला शुल्क नाही आणि महाविद्यालयाचे मदत कार्यालय तो भरायला विनामूल्य साहाय्य करते. खात्याचा पासवर्ड कोणालाही देऊ नये. आणि मदतीचे पत्र आले की, फी वजा जाऊन महिन्याला हातात किती उरणार, हा एकच आकडा काढून घरी बोलावे. नोकरी किती तास करायची आणि किती क्रेडिट घ्यायचे, हे त्या आकड्यावर ठरते.